टॉकी आली आणि त्या संपल्या? जर्मन मूकपटातल्या नट्यांबद्दल जरा सविस्तर

प्रश्न असा आहे की मार्लीन डिट्रिकच्या आधी जर्मन सिनेमात ज्या हिरॉइन्स होत्या त्या नेमक्या कोण, त्यांचं करियर चालायचं कसं, आणि बोलपट आल्यावर आवाज चालला नाही म्हणून त्या सगळ्या घरी बसल्या हे खरं का. मूकपटावर कुठेही बोलले की शेवटी कोणीतरी हे विचारतंच, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझं थोडं. जुन्या प्रिंट तपासायच्या, कुठली फिल्म आहे ते ओळखायचं, मूकपटातल्या पाट्यांचं, म्हणजे मधेमधे पडद्यावर येणाऱ्या लिखित मजकुराचं, भाषांतर करायचं, हे काम मी २० वर्षांहून जास्त करतेय आणि त्यातला बराच काळ जर्मन मालावर गेलाय. त्यामुळे मी जे लिहितेय ते पडद्यावर, पाट्यांवर आणि कागदपत्रांत काय दिसतं त्या बाजूने लिहितेय, कोणाचं अफेअर कोणाशी ते इथे फार मिळणार नाही.

मार्लीनपासूनच सुरुवात करू, सगळ्यांना तीच माहितीय. ही पोरगी शाळेत असताना हेनी पोर्टेन नावाच्या नटीची इतकी वेडी होती की तिला कार्डं पाठवायची, आणि एकदा हेनी डोंगरातल्या कुठल्याशा गावी उतरलीय म्हटल्यावर व्हायोलिन घेऊन तिच्या खिडकीखाली वाजवत उभी राहिली म्हणतात. म्हणजे १९३० साली जी जगाची मार्लीन झाली ती आधी कोणाची तरी फॅन होती. आणि ती कोणाची, ते नाव आज आपल्याकडे फिल्म क्लबवाल्यांनासुद्धा पटकन आठवत नाही.

हेनी पोर्टेन, जन्म १८९० चा, माग्देबुर्गचा. वडील फ्रांत्स पोर्टेन ऑपेरा गायक. बर्लिनमध्ये ऑस्कर मेस्टर नावाचा एक खटपट्या माणूस होता, प्रोजेक्टर बनवणारा, फिल्म काढणारा, सगळंच करणारा, त्याने ग्रामोफोन आणि प्रोजेक्टर एकत्र चालवायची एक सिस्टिम काढली होती. तीन-चार मिनिटांच्या फिल्म, तिकडे तबकडी वाजतेय आणि इकडे पडद्यावर माणसं ओठ हलवतायत. ह्यांना टोनबिल्ड म्हणायचे. १९०६-०७ च्या सुमाराला हेनी, तिची बहीण रोझा आणि वडील हे तिघंही ह्यात कामं करायला लागले. आता गंमत बघा, जिला जर्मन मूकपटाची पहिली मोठी स्टार म्हणतात तिची सुरुवातच लिपसिंकने झाली, दुसऱ्याच्या आवाजावर, अगदी आपल्या प्लेबॅकसारखी! म्हणून 'आवाज आला आणि गडबडल्या' हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं, पोरीने १७ व्या वर्षी तबकडीबरोबर ओठ जुळवले होते.

त्या काळात पडद्यावर नटांची नावं द्यायची पद्धत नव्हती. फिल्म मेस्टरची, संपला विषय. १९११ मध्ये रोझाने एक गोष्ट लिहिली, आंधळ्या मुलीच्या प्रेमाची, त्यात हेनीने ती मुलगी केली आणि लोक विचारायला लागले की ही कोण. थिएटरवाल्यांना नावाने मागणी यायला लागली की कंपनीला नाव द्यावंच लागतं, मग ते कंपनीच्या मनात असो नसो. स्टार म्हणजे काय ह्याची माझी व्याख्या एवढीच आहे, खिडकीवर माणूस येऊन तुमचं नाव घेऊन तिकीट मागतो.

ही रोझा स्वतः काय चीज होती ते सांगायचं राहून जातं नेहमी. तिने पुढे नवऱ्याबरोबर, फ्रांत्स एकश्टाइनबरोबर, भरपूर फिल्म लिहिल्या आणि डायरेक्ट केल्या, आणि दोघांनी मिळून नाव घेतलं होतं 'डॉ. आर. पोर्टेग'. पाटीवर डॉक्टर वाचून लोकांना वाटणार कोणी भारदस्त दाढीवाला असेल. पाट्या तपासताना असल्या नावांवर मी आता कधीच पटकन विश्वास ठेवत नाही.

बरं, आता दुसरी. ही जर्मन नव्हेच, डॅनिश. आस्टा नील्सन, जन्म १८८१, कोपनहेगनच्या गरीब घरातली, १९०१ मध्ये लग्नाशिवाय मुलगी झाली, बापाचं नाव तिने कधी सांगितलं नाही, मुलीला वाढवत नाटकात कामं करत राहिली आणि तिशी जवळ आली तरी नाटकवाले तिला मोठं काही देत नव्हते. मग १९१० मध्ये उर्बान गाडने, जो पुढे तिचा नवरा झाला, तिला घेऊन एक फिल्म केली, नावाचा अर्थ 'खोल दरी' असा काहीतरी. त्यात ती एका काउबॉय टाइप माणसाला दोरीने बांधते आणि त्याच्याभोवती नाचते, कॅमेरा हलत नाही, कट नाही, काही नाही, नुसती ती आणि तिची पाठ आणि कंबर. आजही तो नाच बघताना हॉलमध्ये लोक गप्प होतात, मी स्वतः अनुभवलंय. अनेक ठिकाणी सेन्सॉरने तोच तुकडा कापला होता हे सांगायला नकोच.

ह्या फिल्मने जर्मनीत धंद्याची रीतच बदलली, आणि माझ्या मते ह्या नट्यांबद्दल बोलताना सगळ्यात आधी हे समजून घ्यायला पाहिजे. तोपर्यंत फिल्म मीटरच्या भावाने विकली जायची, कापडासारखी. थिएटरवाल्याने रीळ विकत घ्यायचं, झिजेपर्यंत चालवायचं, मग जुन्या बाजारात कोणालातरी विकायचं. एकाच गल्लीत तीन थिएटरात तीच फिल्म चालू असायची. ड्युसेलडॉर्फच्या लुडविग गॉटशाल्कने आस्टाची ही फिल्म घेतली आणि सांगितलं की विकणार नाही, भाड्याने देईन, आणि तुमच्या एरियात फक्त तुम्हालाच देईन. ह्याला मोनोपोलफिल्म म्हणायला लागले. आता सांगा, थिएटरवाला जास्तीचे पैसे कधी मोजेल? जेव्हा लोक ती विशिष्ट फिल्मच मागतील तेव्हा. आणि लोक ती कशावरून मागणार? बाईच्या नावावरून. तेव्हा डायरेक्टरला कोण विचारत होतं.

त्यानंतर १९११ पासून आस्टाच्या फिल्म सीरिजने विकायला लागले, म्हणजे वर्षाच्या सात-आठ फिल्म, शूटिंग सुरू व्हायच्या आधीच थिएटरवाल्यांकडे बुक. त्या ॲडव्हान्सवर फिल्म बनायची. बर्लिनजवळ बाबेल्सबर्गला जो काचेचा स्टुडिओ बांधला, ज्याच्यापासून पुढचं सगळं बाबेल्सबर्ग वाढलं, तिथली पहिली फिल्म फेब्रुवारी १९१२ मध्ये सुरू झाली आणि तीही आस्टाचीच. तिने एकूण साधारण ७४ फिल्म केल्या, त्यातल्या चार सोडल्या तर सगळ्या जर्मनीत.

दिसण्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण लोक विचारतात की ह्या सगळ्या एवढ्या पांढऱ्याफटक आणि ओठ काळे असं का. तेव्हाची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती, तिला लाल रंग दिसतच नव्हता. लाल ओठ काळे पडणार, गाल लाल केले तर गालावर खड्डा दिसणार, आणि उलट निळं सगळं पांढरं. म्हणजे निळ्या डोळ्यांच्या मुलीची बुबुळंच पडद्यावर फिकट होऊन भुतासारखी दिसायची. सोनेरी केस मळकट दिसायचे, मागून लाइट मारला तरच ते चमकायचे, हेनीच्या फोटोत केसांभोवती ती जी कड दिसते ना ती त्यासाठी. आता आस्टाचे डोळे मोठे आणि काळे, केस काळे, कपाळावर सरळ कापलेले, चेहरा पांढरा. त्या फिल्मसाठीच बनवल्यासारखी. तिचे डोळे बारा रांगा मागूनही वाचता येतात. सगळ्या रंगांना नीट पकडणारी पँक्रोमॅटिक फिल्म नंतर १९२० च्या दशकात रुळली, तोपर्यंत कोण 'फोटोजेनिक' हे अर्धं त्या रसायनाने ठरवलेलं होतं.

आणि दुसरी गोष्ट स्पीडची. पूर्वी एका फिल्म क्लबात (नाव नको) माझ्याच हातून झालंय हे. आस्टाची एक फिल्म लावली, प्रोजेक्टर बोलपटाच्या स्पीडला, सेकंदाला २४ फ्रेम्स, मला वाटलं चालतंय. पाच मिनिटांत हॉल हसायला लागला, बाई रडतेय आणि लोक हसतायत, कारण ती टिचक्या मारल्यासारखी हलत होती. इंटरव्हलला स्पीड १८ वर आणला आणि तीच बाई, तेच लोक, हसू बंद. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, १६, १८, २० असं काहीही असायचं. मूकपटातला अभिनय भडक असतो म्हणणाऱ्यांनी निम्म्या वेळा चुकीच्या स्पीडला बघितलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. आस्टा तर फारच कमी हालचाल करते, पेला उचलते, ठेवते, बोट कडेवरून फिरवते, झालं.

वयाची पण तिला पर्वा नव्हती. १९१४ च्या सुरुवातीला आलेल्या एका कॉमेडीत ती १७ वर्षांची मुलगी आहे जिला वारसाहक्कासाठी १२ वर्षांची असल्याचं नाटक करायचंय, आणि आस्टा तेव्हा ३२ ची! फ्रॉक घालून, चोरून सिगरेट ओढत. आज कोणी करायचं धाडस करणार नाही, पण ती निभावते.

पहिल्या महायुद्धाने काय केलं ते थोडक्यात सांगते. १९१४ नंतर फ्रेंच माल बंद झाला, १९१६ मध्ये परदेशी फिल्म आणण्यावर बंदीच आली, थिएटरं तर भरलेली, मग घरची फिल्म पाहिजे. ह्या रिकाम्या जागेत पटापट कंपन्या उभ्या राहिल्या आणि बघायला गेलं तर कितीतरी कंपन्यांवर बाईचं नाव. वांडा ट्रॉयमानने तर युद्धाच्या आधी, १९१२ मध्येच, व्हिगो लार्सनबरोबर कंपनी काढली होती. हेला मोया, लोटे नॉयमान, एलेन रिश्टर, नॉर्वेहून आलेल्या एगेडे-निसेन बहिणी, अमेरिकेतून सर्कसचं काम करत आलेली फर्न आंद्रा, नंतर ऑसी ओस्वाल्डा, आस्टा स्वतः, आणि १९२४ पासून हेनी, डायरेक्टर कार्ल फ्रोलिशबरोबर. आता इथे मी थोडी सावध असते. पाटीवर नाव असलं म्हणजे तिजोरीची किल्ली तिच्याकडे होती असं नाही, काही ठिकाणी सगळा कारभार नवरा किंवा पार्टनर बघायचा आणि नाव फक्त विकायला. पण हे सगळं नुसतं दिखाऊ होतं असंही नाही, आस्टाने तिच्या कंपनीतून हॅम्लेट काढला हे कोणी नवऱ्याने सुचवलेलं खूळ नव्हतं.

हॅम्लेट १९२१ चा. एका अमेरिकन लेखकाने १८८१ मध्ये पुस्तक लिहून म्हटलं होतं की हॅम्लेट मुळात बाई असणार, ते धरून गोष्ट रचलीय. राणीला मुलगी होते, त्याच वेळी बातमी येते की राजा लढाईत मेला, गादी जाऊ नये म्हणून राणी जाहीर करते मुलगा झाला, आणि मग राजा जिवंत परत येतो, पण आता खोटं मागे घेता येत नाही. म्हणजे आस्टा पुरुषाचा रोल करत नाही, पुरुषाचा रोल करावा लागलेल्या बाईचा रोल करते, आणि होरेशिओ ह्या मित्रावर मनातून प्रेम. शेवटी मेल्यावर होरेशिओचा हात छातीवर पडतो तेव्हा त्याला कळतं. वर्षानुवर्षं ही फिल्म काळ्यापांढऱ्या, झिजलेल्या कॉपीतून बघितली जायची, २००५ मध्ये रंग दिलेली जुनी प्रिंट सापडली, फ्रँकफर्टच्या संस्थेने ती नीट केली आणि २००७ च्या बर्लिन फेस्टिव्हलला दाखवली. मूकपट म्हणजे काळापांढरा हा अजून एक गैरसमज, रात्रीला निळा, आगीला लाल असं सर्रास रंगवायचे.

फर्न आंद्राचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९२२ च्या जुलैमध्ये ती हॅम्बुर्गला विमानाने चालली होती आणि पायलट कोण तर लोथार फॉन रिश्टहोफेन, 'रेड बॅरन' म्हणून गाजलेल्या जर्मन लढाऊ वैमानिकाचा सख्खा भाऊ, स्वतःही युद्धातला नावाजलेला वैमानिक. विमान पडलं, तो गेला, ही वाचली. सिनेमात तारेवर चालून झालेलं, घोड्यावरून उड्या मारून झालेलं, आणि एवढं होऊन परत कामाला लागली.

डायरेक्टर लुबिचच्या नट्या हा वेगळाच प्रकार आहे. पोला नेग्री पोलंडची, १९१९ मध्ये लुबिचच्या मादाम द्यु बारीवरच्या (फ्रेंच राजाची रखेल) फिल्ममुळे एवढी गाजली की १९२२ मध्ये थेट हॉलिवूड. पण माझी आवडती ऑसी ओस्वाल्डा. बर्लिनची, कोरसमध्ये नाचणारी, गोल चेहरा, दंगेखोर. 'ऑयस्टर प्रिन्सेस' म्हणून जी फिल्म आहे १९१९ ची, त्यात ती अमेरिकन ऑयस्टर किंगची मुलगी. बूटपॉलिश किंगच्या मुलीचं काउंटशी लग्न ठरल्याची बातमी वाचते आणि रागाने खोली फोडत सुटते. बाप येतो आणि विचारतो, अगं पेपर का फेकतेयस माझ्यावर? तर ती म्हणते, कारण फुलदाण्या सगळ्या फुटल्या. ही पाटी मी मराठी केली तेव्हा चार वेळा लिहिली, शेवटी 'फुलदाण्या संपल्या' केलं. फुटल्या नाही, संपल्या. हॉल तिथेच हसतो. १९१८ मध्ये तिने पुरुषाचा सूट घालून रात्री फिरायला जाणारी मुलगी केलीय, मुलींवरच्या बंधनांना कंटाळून, आणि सूटमध्ये गेल्यावर कळतं की ट्राममध्ये पुरुषांना पण लाथाच खाव्या लागतात.

आणि ह्याच लुबिचबरोबर हेनीने १९२० मध्ये काय केलं बघा. वर्षभर राण्या आणि दुःखी आया करणारी बाई, एकाच वर्षी इंग्लंडची राणी ॲन बोलीन पण आणि 'कोलहिझेलच्या मुली' पण. ह्या दुसरीत ती दोन्ही मुली, धाकटी ग्रेटल गोड, थोरली लीझल फावड्यासारखी. हिरो एमिल यानिंग्सला धाकटी पाहिजे, बाप म्हणतो आधी थोरलीचं लग्न. दोघी एका फ्रेममध्ये येतात तेव्हा फिल्म मागे नेऊन पुन्हा एक्स्पोज केलीय, पण ट्रिककडे बघायचं नाही, पायांकडे बघा. लीझल टाच आधी आपटते. तुम्ही चेहरा झाकलात तरी कोण कुठली कळतं.

मिया मायचं आपल्याला वेगळ्या कारणासाठी कौतुक वाटेल. व्हिएन्नाची, नवरा जो माय डायरेक्टर. त्यांनी १९१९-२० मध्ये आठ भागांची प्रचंड ॲडव्हेंचर फिल्म काढली, त्यासाठी बर्लिनबाहेर वोल्टर्सडॉर्फला अख्खं गाव उभारलं, आणि मग १९२१ मध्ये तिथेच उभा राहिला भारत! देवळं, वाडे, वाघ, कॉनराड फाइट महाराज झालेला, योगी जमिनीतून वर येतोय. भारतीय कबरीची ती गोष्ट टेया फॉन हार्बूच्या कादंबरीवरची. मियाची मुलगी एफा पण नटी होती, १९२४ मध्ये तिने वयाच्या २२ व्या वर्षी आयुष्य संपवलं आणि मिया त्यानंतर पडद्यावर आलीच नाही. टॉकी यायला अजून पाच वर्षं होती. पुढे नाझी आल्यावर नवरा-बायको अमेरिकेला गेले, तिथे शेवटी रेस्टॉरंट काढलं, चाललं नाही.

टेयाचं नाव आलंच आहे तर सांगते, ती पण मुळात रंगमंचावरची नटी, १९०६ पासून नाटकात, नंतर लेखिका. आणि तिचं नवऱ्यापासून, डायरेक्टर फ्रित्झ लांगपासून, फाटल्यावर तिने गुपचूप ज्याच्याशी लग्न केलं तो आपला बेळगावजवळच्या बेळगुंदीचा अयी तेंडुलकर. तो परत आला, ती राहिली, पुढे नाझी पक्षाची मेंबर झाली. ह्यावर लोक मला नेहमी विचारतात आणि मी नेहमी म्हणते की तो वेगळा, फार गुंतागुंतीचा विषय आहे. आपला दुसरा धागा म्हणजे फ्रांत्स ओस्टेन, म्युनिकचा, हिमांशू रायबरोबर १९२५ पासून भारतात फिल्म केल्या आणि पुढे मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये वर्षानुवर्षं डायरेक्शन केलं, आणि देविका राणी बर्लिनला उफा ह्या मोठ्या जर्मन फिल्म कंपनीच्या स्टुडिओत शिकून आलेली. म्हणजे त्या काचेच्या आणि दिव्यांच्या स्टुडिओतला चेहऱ्यावर लाइट टाकायचा जो हात होता तो मालाडपर्यंत पोचला होता.

आता मूळ प्रश्न, टॉकीने संपवलं का. हेनीपासून घ्या. १९३० मध्ये तिचा पहिला बोलपट, डायरेक्टर पाब्स्ट, चालला. त्याच वर्षी 'कोलहिझेलच्या मुली' पुन्हा बोलपट म्हणून केला, दोन्ही मुली परत तीच, आता दोन आवाज काढून. आवाजाचा प्रॉब्लेम असता तर दोन काढले असते? १९३१ मध्ये प्रशियाच्या राणी लुईझवर स्वतःचे पैसे घालून फिल्म काढली ती आपटली आणि कंपनी बुडाली, ते धंद्यातलं नुकसान. खरा घाव १९३३ चा. तिचा पहिला नवरा कुर्ट श्टार्क पहिल्या महायुद्धात मारला गेला होता, १९२१ मध्ये तिने विल्हेल्म फॉन काउफमान नावाच्या डॉक्टरशी लग्न केलं होतं आणि तो ज्यू होता. नाझींच्या राज्यात सरकारी फिल्म चेंबरची मेंबरशिप असेल तरच काम, आणि ज्यू नवरा सोडा म्हणून दबाव. तिने सोडला नाही. जी बाई वर्षाला चार-पाच फिल्म करायची तिला अख्ख्या १२ वर्षांत मोजकीच कामं मिळाली, त्यातलं एक पाब्स्टनेच १९४१ मध्ये दिलं. देश सोडायला परवानगी मागितली, नाकारली. १९४४ मध्ये घरावर बॉम्ब पडला आणि दोघं रस्त्यावर, कारण ज्यूला घरात घेणं गुन्हा होता. युद्धानंतर पश्चिमेत कोणी विचारलं नाही, पूर्व जर्मनीच्या सरकारी फिल्म कंपनीने, डेफाने, १९५० च्या दशकात दोन फिल्म दिल्या तर पश्चिमेतले पेपर ओरडले की कम्युनिस्टांकडे गेली. १९५९ मध्ये नवरा गेला, १९६० मध्ये ती. ह्यात टॉकी कुठे आहे?

आस्टाने एकच बोलपट केला, १९३२ मध्ये, आणि तो काही वाईट नाही, आवाज खोल, घोगरा, छान. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२५ मध्ये, पाब्स्टच्या व्हिएन्नाच्या महागाईवरच्या फिल्ममध्ये तिच्याबरोबर एक नवी स्वीडिश पोरगी होती, ग्रेटा गार्बो. गार्बो मोठी झाल्यावर बाहेरच्या देशांत जी प्रिंट फिरली त्यातून आस्टाचा भाग इतका कापला की गोष्ट लागेना. टॉकीपेक्षा कात्रीने जास्त मारलं म्हणायचं. वय ४४ चं झालं होतं, रोल कमी झाले होते, ती नाटकात परत गेली होती. नाझी आल्यावर त्यांचा प्रचारमंत्री गोबेल्सने तिला परत फिल्म करायची ऑफर दिल्याचं तिच्या आठवणींत आहे, ती डेन्मार्कला निघून गेली आणि नंतर जर्मनीत अडकलेल्या ज्यूंना तिथून खाण्याची पार्सलं पाठवायला मदत केली. म्हातारपणी कापडाच्या तुकड्यांची चित्रं करायची, १९७० मध्ये ८८ व्या वर्षी लग्न केलं, १९७२ मध्ये गेली.

पोला नेग्रीला हॉलिवूडमध्ये उच्चार नडला असं म्हणतात, ठीक, पण तीच १९३५ मध्ये जर्मनीत येऊन बोलपटात गायली आणि गाजली. ब्रिगिटे हेल्म, 'मेट्रोपोलिस'मधली, तो रोबोटचा साचा अंगावर घालून भाजून-खरचटून निघालेली, तिने बोलपट भरपूर केले, तिला राग होता तो सारख्या व्हँप, म्हणजे पुरुषांना नादी लावणाऱ्या बाया, करायला लावतात ह्याचा, त्यासाठी उफाशी कोर्टात भांडली आणि १९३५ मध्ये लग्न करून जी गेली ती १९९६ मध्ये स्वित्झर्लंडला मरेपर्यंत सिनेमाबद्दल बोलायला तयार नव्हती. लिल डागोव्हर, 'कॅलिगरी' ह्या गाजलेल्या मूकपटातली, जन्म जावा बेटावरचा, ती तर टीव्हीच्या काळापर्यंत काम करत होती. लेओपोल्डिने कोन्स्टांटिन, युद्धाआधीची नटी, ती हिचकॉकच्या १९४६ च्या 'नटोरियस'मध्ये क्लॉड रेन्सची आई म्हणून दिसते, ती जिन्यावरची खुनशी म्हातारी, तुम्ही नक्की बघितली असेल आणि कोण ते माहीत नसेल.

फक्त ऑसीच्या बाबतीत मी मान्य करीन की बोलपटात तिचं जमलं नाही. दोनच केले. पण तिची कंपनीही आधीच गेली होती आणि लुबिच १९२२ मध्ये अमेरिकेला गेल्यावर तिला तसं लिहून देणारं कोणी उरलं नव्हतं. १९४७ मध्ये प्रागमध्ये वारली, हाताशी काही नसताना.

आणि डोरा गेर्सोन. १९२० मध्ये दोन फिल्ममध्ये दिसली, दोन्ही आज शिल्लक नाहीत. नंतर कॅबरे गायिका, रेकॉर्ड काढल्या. ज्यू होती. हॉलंडला पळाली, पकडली गेली, १९४३ च्या फेब्रुवारीत आउशविट्झला नवऱ्यासकट आणि दोन लहान मुलांसकट मारली. तिचा पडद्यावरचा चेहरा आपल्याकडे नाही, आवाज मात्र आहे, रेकॉर्डवर. मूकपटाच्या नटीचा आवाज उरला आणि चित्र गेलं.

बघायला कुठून सुरू करू असं विचारणार असाल तर ऑयस्टर प्रिन्सेस पहिली, तासाभराची आहे, घरच्यांना पण चालेल. मग कोलहिझेल. हॅम्लेट तिसरा, आणि तो रंगीत रिस्टोअर केलेलाच शोधा, जुनी काळीपांढरी कॉपी मिळाली तर सोडून द्या. नेटवर जे मिळतं त्यात बऱ्याचदा कोणीतरी भलतंच पियानो चिकटवलेलं असतं, ते बंद करा, आणि माणसं धावत चालतायत असं वाटलं तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पीड पॉइंट सेव्हन फाइव्हवर आणा. आस्टाने पेला उचलल्यावर तो ठेवायला वेळ घेतला की समजा बरोबर लागलाय.